चूक दिसते तिथे झालेली नसते: क्विल्ट शिकताना उसवायचं कधी, सोडायचं कधी

प्रश्न असा आहे: शिकायला घेतलेला हा दुसराच क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेला वरचा थर, मधे भरण आणि खाली अस्तर असे तीन थर एकत्र शिवलेली गोधडी. आठ टोकांच्या ताऱ्याचे ३६ ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, शिवून झालेत. सगळे साडेसहा इंचांचे यायला हवे होते. प्रत्यक्षात काही साडेसहा, काही सव्वासहा, उरलेले मधेच कुठेतरी. ओळी जोडताना कोपरे जुळत नाहीत, ताऱ्यांची टोकं शिवणीत गडप होतात. एक ओळ तीनदा उसवली, आता कापडाचे धागे सुटायला लागलेत. पहिल्या क्विल्टच्या कडेच्या पट्ट्यांना लाटा आल्या होत्या आणि पाठीमागे चुण्या पडल्या होत्या. हे आपल्याला जमणारं काम नाही, असं समजून सोडून द्यावं का?

सोडू नका. तुम्ही जी ओळ तीनदा उसवलीत, तिच्यात चूक नव्हतीच. ती चूक कितीतरी आधी, ब्लॉक शिवताना झाली. ओळीत ती फक्त दिसली. क्विल्टिंगमधला बहुतेक वैताग इथूनच येतो. साध्या शिवणकामात बाही वाकडी लागली तर बाहीच उसवायची असते. इथे कापताना झालेली चूक शिवताना कळते, शिवतानाची ओळी जोडताना, आणि इस्त्रीची थेट कडेची पट्टी लावताना. मग माणूस भलत्याच जागी उसवत बसतो, पुन्हा तसंच शिवतो, पुन्हा तसंच येतं, आणि शेवटी दोष स्वतःच्या हातांना देतो.

तुमच्या ब्लॉकचा हिशेबच पाहा. क्विल्टमध्ये शिवणीचं मार्जिन, म्हणजे शिवणीपासून कापडाच्या कडेपर्यंतचं अंतर, पाव इंच (दोन सूत) धरतात. समजा तुमची शिवण अर्धं सूत, म्हणजे १/१६ इंच जास्त आत पडतेय. हे डोळ्याला दिसतही नाही. पण शिवण दोन कापडांतून जाते, त्यामुळे एका शिवणीमागे १/८ इंच कमी होतं. ब्लॉकमध्ये एका दिशेला जोडाच्या दोन शिवणी असतात, म्हणून ब्लॉक पाव इंचाने आखूड, बरोबर सव्वासहा. अशा ६ ब्लॉकची ओळ केली की ब्लॉकमुळे दीड इंच गेलं आणि ब्लॉक जोडणाऱ्या ५ शिवणींनी आणखी ५/८ इंच खाल्लं. साडेछत्तीस इंचांची ओळ सव्वादोन इंचांना एक सूत कमी इतकी तोकडी. दिसतही नाही अशा अर्ध्या सुताची ही करामत. आणि तुमचं मार्जिन सगळीकडे सारखं चुकलं असतं तर निदान सगळे ब्लॉक सव्वासहाच आले असते. काही साडेसहा, काही सव्वासहा याचा अर्थ मार्जिन हलतंय, किंवा कापणी हलतेय, किंवा दोन्ही.

कोण हलतंय ते शोधायला एक छोटी चाचणी पुरते. दीड इंच रुंद आणि साधारण ६ इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा. शेजारीशेजारी जोडा, इस्त्री करा, मोजा. एकूण रुंदी साडेतीन इंच यायला हवी आणि मधली पट्टी बरोबर एक इंच दिसायला हवी. मधली पट्टी एक इंचापेक्षा कमी भरली तर मार्जिन जाड पडतंय. इथे एक बारकावा आहे. मशीनवर अगदी बरोबर पाव इंच शिवलं तरी मधली पट्टी केसभर कमीच भरते, कारण कापड शिवणीवर दुमडताना एक-दोन धाग्यांची जाडी त्या घडीत जाते. म्हणून पाव इंचापेक्षा एक-दोन धागे कमी शिवायचं. मशीनला पाव इंची फूट (कापड दाबून धरणारा भाग) लावला म्हणजे काम झालं, असं समजू नका. फुटाची कड बरोबर असली तरी सुई एका बाजूला सरकलेली असू शकते. मशीनच्या पत्र्यावर कागदी चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावून छोटी भिंत करा आणि कापडाची कड तिला टेकवत शिवा. सुईपासून ती भिंत नेमकी कुठे हवी, हे चाचणीच्या पट्ट्याच सांगतील. चाचणी जमेपर्यंत खऱ्या कापडाला हात लावायचा नाही. अर्धा तास जाईल, पण ३६ ब्लॉक वाचतील.

चाचणी बरोबर आली आणि तरीही ब्लॉक कमीजास्त होत असतील, तर कापणीकडे वळा. रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचा कटर, ऑल्फा या जपानी कंपनीने १९७९मध्ये आणला. त्याआधी पुठ्ठ्याचा साचा ठेवून, पेन्सिलीने आखून, कात्रीने एकेक तुकडा कापत. कटरमुळे वेग आला आणि त्याच वेगात चुकाही चौपट व्हायला लागल्या, कारण चार थर एकदम कापले की चूकही चार तुकड्यांत जाते. शिकताना दोनच थर ठेवा. रूलर सरकतो तो बहुतेक वेळा लांब कापताना, दूरच्या टोकाला. हाताचा पंजा एकाच जागी दाबून धरला की रूलरचं दुसरं टोक मोकळं राहतं. ८ ते १० इंच कापलं की कटर तिथेच टेकवून ठेवा, दुसरा हात कोळ्यासारखा बोटांवर पुढे चालवा, मग पुढचं कापा. पातं बोथट झालं की आपण नकळत जोर लावतो आणि त्या जोरानेच रूलर ढकलला जातो. मधेच दोन-तीन धागे न कापता राहायला लागले की पातं बदला. कटर हातातून खाली ठेवताना दर वेळी पातं मिटायचं, पाच सेकंदांसाठी ठेवत असलात तरी.

लांब पट्टी उघडल्यावर मध्यावर कोपरासारखी वाकलेली दिसली तर दोष रूलरचा नाही, घडीचा आहे. घडी आणि रूलर काटकोनात नव्हते. कापडाच्या दोन्ही किनारी एकमेकींवर धरून कापड हवेत लोंबकळू द्या. घडीवर झोळ किंवा तिरपा ताण दिसला तर एक किनार थोडी डावी-उजवीकडे सरकवा. घडी सरळ लोंबायला लागली की तीच खरी घडी. किनारी पूर्ण जुळल्या नाहीत तरी चालेल.

इस्त्रीबद्दल. कपड्यांना आपण इस्त्री फिरवतो, ब्लॉकला ती फिरवायची नसते. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. फिरवली की कापड ताणलं जातं, आणि तिरप्या कडा असतील तर चौकोनाचा पतंग होतो. शिवण उघडण्याआधी आहे तशीच, मिटलेली, एकदा दाबून घ्या. टाके कापडात बसतात. मग वरचा थर उलटून गडद रंगाच्या बाजूला मार्जिन दाबा. घाईत उलटल्यावर शिवणीजवळ एक बारीक घडी राहून जाते. ती दिसत नाही, पण ब्लॉकमधून एक सूत चोरते. 'माझं मार्जिन बरोबर आहे, तरी ब्लॉक लहानच येतो' या तक्रारीमागे बरेचदा ही घडी असते. बोटाच्या नखाने शिवण आधी उघडून मग इस्त्री ठेवली की ती राहत नाही.

एक ओळ डावीकडे, पुढची उजवीकडे अशा मार्जिनच्या दिशा बदलत ठेवल्या तर ओळी जोडताना दोन्ही शिवणी एकमेकींत कुलपासारख्या अडकतात. बोटांनी चाचपून बघा, बसल्याचं कळतं. तिथे टाचणी लावा आणि टाचणीच्या आधी थांबून, ती काढून, मग शिवा. टाचणीवरून शिवलं की सुई वाकते किंवा तुटते, आणि वाकलेली सुई टाके गाळते. तुकडे जोडायला ८०/१२ किंवा ७५/११ ची सुई, ५० नंबरचा सुती दोरा आणि टाक्याची लांबी २ ते २.५ मिलिमीटर. सुई साधारण ८ तास शिवल्यावर बदलायची. टाका २ मिलिमीटरहून बारीक ठेवलात तर शिवण पक्की होते खरी, पण उसवताना रडवते. शिकत असाल तर उसवावं लागणारच आहे.

आता उसवण्याविषयी. शिकणाऱ्यांचे दोन गट पडतात. एक गट प्रत्येक चूक उसवतो आणि महिनाभरात थकतो. दुसरा गट काहीच उसवत नाही आणि शेवटी मिळेल त्यावर नाराज राहतो. दोन्ही टाळायचं असेल तर दर वेळी स्वतःला एकच गोष्ट विचारा: ही चूक पुढच्या पायरीत शिरणार आहे का?

मार्जिन चुकलं, तुकडा आखूड भरला, ओळ तिरपी झाली, शिवणीत मधेच कापड निसटून भोक राहिलं, या चुका पुढे वाढत जातात. उसवायच्या, आणि लगेच उसवायच्या, पुढच्या शिवणीत अडकण्याआधी. एखादं टोक धाग्या-दोन धाग्यांनी कापलं गेलं, कोपरे अर्ध्या सुताने चुकले, एका ब्लॉकमध्ये निळ्याऐवजी दुसरा निळा लागला, या चुका जिथे आहेत तिथेच राहतात. त्यांच्यासाठी ब्लॉक भिंतीला लावा आणि ६ फुटांवरून बघा. नजर तिथे आपसूक गेली तर उसवा. शोधावी लागत असेल तर सोडा. एक इंचावरून बघून निर्णय घेऊ नका, पांघरलेला क्विल्ट त्या अंतरावरून कुणीच बघत नाही. एक अपवाद आहे. पूर्ण क्विल्टमध्ये एकच ब्लॉक उलटा लागला असेल तर तो लांबूनच जास्त दिसतो आणि जवळून अजिबात कळत नाही. त्यासाठी ओळी शिवण्याआधी सगळे ब्लॉक मांडून मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. उलटा ब्लॉक आणि रंगछटांची गडबड दोन्ही पटकन पकडली जातात. फोटो समाधानकारक असला की प्रत्येक ओळीच्या पहिल्या ब्लॉकवर क्रमांकाची चिठ्ठी टाचणीने लावा आणि ती शेवटपर्यंत काढू नका.

एकच शिवण किती वेळा उसवायची? दोनदा, बस. तिसऱ्यांदा सुई त्याच पाव इंचात गेली की धागे सुटतात आणि मार्जिन धरायला काही उरत नाही. तुमच्या ओळीचं हेच झालंय. तिसऱ्या वेळी तो तुकडा टाकून नवा कापायचा. म्हणून कापड घेतानाच थोडं जास्तीचं घेतात. उधळपट्टी वाटते, पण शेवटचा तुकडा हातात असताना जी धास्ती असते ना, त्या धास्तीनेच जास्त चुका होतात.

उसवायची रीतही महत्त्वाची आहे. दोन थर फाकवून, मधल्या टाक्यांत रिपर (टाके उसवायचं हत्यार) घालून ओढत जाणं सगळ्यात जलद, आणि सगळ्यात घातक. एक आडवा झटका बसला की कापडच फाटतं. त्याऐवजी शिवणीच्या एका बाजूने दर चौथा किंवा पाचवा टाका कापा. मग तुकडा उलटा करा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ओढा. तो अख्खा एका लांबीत सुटून येतो. वरच्या बाजूला राहिलेली दोऱ्याची बारीक कुसळं चिकटपट्टी टेकवून उचला. उसवलेल्या तुकड्यावर हलकी खळ मारून इस्त्री ठेवा आणि रूलरवर पुन्हा मोजा. वाढला असेल तर ताणला गेलाय. कडा कापून बरोबर करता येईल का ते आधी पाहा, नाहीतर बदला. रिपरची धारही जाते, हे बऱ्याच जणांच्या गावीच नसतं. बोथट रिपर दोरा कापत नाही, खेचतो.

तुमच्या ताऱ्यात तिरप्या कडा भरपूर आहेत, म्हणून थोडं उरेब कापडाबद्दल. उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने कापड फारसं ताणलं जात नाही. तिरपं कापलं की रबरासारखं होतं. त्रिकोण बिघडतात ते इथे. शिकताना त्रिकोण त्रिकोण म्हणून कापूच नका. समजा तयार क्विल्टमध्ये ३ इंचांचा, दोन त्रिकोणांचा चौकोन हवाय. दोन रंगांचे ४ इंची चौकोन घ्या, चांगल्या बाजू समोरासमोर ठेवा, फिकट कापडाच्या मागे कर्ण आखा, कर्णाच्या दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंचावर टीप मारा आणि मग कर्णावर कापा. दोन चौकोन मिळतील. ते उघडून, इस्त्री करून साडेतीन इंचांवर छाटा. छाटताना रूलरवरची ४५ अंशांची रेघ शिवणीवर बसवायची. काटेकोर हिशेबाने सुरुवातीचा चौकोन पावणेचारला एक सूत जास्त, म्हणजे ३ ७/८ इंच लागतो. पण तेवढ्या अचूकपणाचा हट्ट कशाला? ते एक सूत जास्तीचं धरलं की शिवण थोडी वाकडी गेली तरी छाटणीत निघून जाते. अनुभवी माणसांचे ब्लॉक नीट दिसतात त्यामागे हात स्थिर असण्यापेक्षा ही छाटणी जास्त असते.

ताऱ्याचं टोक वाचवायचं असेल तर टोकाच्या पुढे कापडाच्या कडेपर्यंत बरोबर पाव इंच उरलेला हवा. जोडताना टोक असलेला तुकडा वर ठेवा. त्याच्या मागच्या बाजूला दोन तिरप्या शिवणी एकमेकींना छेदून फुलीसारखी खूण दिसते. सुई त्या फुलीच्या मधोमध जायला हवी, किंवा एक धागा बाहेर, कापडाच्या कडेच्या बाजूला. आत गेली की टोक कापलं. इथे पाव इंचाचं मार्जिन आणि फुली यांच्यात मतभेद झाला तर फुलीचं ऐकायचं.

पहिल्या क्विल्टच्या लाटा आणि चुण्या यांच्यामागेही हातांचा दोष नव्हता. लाटा येतात कारण कडेची पट्टी लांबच लांब ठेवून शिवत जातात आणि शेवटी उरलेली कापतात. मशीनचे दात खालचं कापड जास्त ओढतात, वरचा फूट वरचं कापड मागे ढकलतो, त्यात क्विल्टच्या कडा आधीच थोड्या ताणलेल्या असतात. पट्टी हवी त्यापेक्षा इंच-दीड इंच जास्त शिवली जाते आणि तो जास्तीचा भाग लाट होऊन उभा राहतो. पट्टी लावण्याआधी क्विल्ट सपाट पसरा आणि तीन जागी मोजा: बरोबर मधून, आणि दोन्ही कडांपासून थोडं आत. कडेवर मोजू नका, कड खोटं बोलते. तिन्ही मापांची सरासरी घ्या, समोरासमोरच्या दोन्ही पट्ट्या त्याच मापाच्या कापा. पट्टीचा आणि क्विल्टचा मध्य आधी टाचा, मग टोकं, मग चतुर्थांश. थोडं जास्त भरणारं कापड खाली, दातांच्या बाजूला ठेवून शिवा. दात ते सामावून घेतात. पहिल्या दोन पट्ट्या लागल्यावर उरलेल्या दोन बाजूंसाठी पुन्हा मोजायचं, आधीच्या मापावर विसंबायचं नाही.

पाठीमागच्या चुण्या थर नीट न बसवल्यामुळे पडतात. अस्तर चारी बाजूंनी ३-४ इंच मोठं घ्या, उलटी बाजू वर करून जमिनीवर किंवा टेबलावर पसरा आणि कडा चिकटपट्टीने बांधा. तुकतुकीत सपाट असावं, पण ताणलेलं नको. ताणलेलं अस्तर पट्टी काढताच आखडतं आणि वरचे थर गोळा होतात. त्यावर भरण, त्यावर वरचा थर, दोन्ही मधून बाहेर हाताने साफ करत. सेफ्टी पिना किंवा कच्चे टाके मध्यापासून सुरू करून बाहेर न्या. पंजा पसरून कुठेही ठेवला तरी त्याखाली एक तरी पीन यायला हवी, म्हणजे ३-४ इंचांवर. सरळ रेघांसाठी वॉकिंग फूट लावा, तो वरचं कापडही खालच्याबरोबरीने पुढे नेतो. चुणी आलीच तर सगळी रेघ उसवू नका. चुणीच्या दोन्ही बाजूंचे २-३ इंच उसवा, कापड बोटाने सपाट करा, तेवढंच पुन्हा शिवा, दोऱ्याची टोकं गाठ मारून भरणात ओढून घ्या.

मशीनवर मुक्तहस्त क्विल्टिंग, म्हणजे कापड हाताने हवं तसं फिरवत थर शिवणं, सुरू कराल तेव्हा आणखी दोन गोष्टी छळतील. पहिली, खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं. सगळे बॉबिनला दोष देतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. फूट खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात, त्या वेळी ओवलेला दोरा वरूनच घसरतो. फूट वर करून पुन्हा ओवा. सुरू करताना एक टाका घालून बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या आणि दोन्ही दोरे पहिले तीन-चार टाके धरून ठेवा. दुसरी, वळणांवर मागच्या बाजूला पापण्यांसारखे सैल टाके. वळणावर हात पळतो आणि मशीन मागे राहतं, म्हणून. हात सावकाश करा, पाय स्थिर ठेवा, तरीही राहिलं तर वरचं टेन्शन थोडं वाढवा. उलट, बॉबिनचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचं टेन्शन कमी करायचं. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला त्याच कापडाच्या आणि त्याच भरणाच्या वीतभर तुकड्यावर दोन मिनिटं शिवून बघा. तो तुकडा खराब झाला की कुणाचं काही जात नाही. हाताने टाके घालणार असाल तर इंचाला ५-६ टाके शिकताना पुरेसे आहेत. बारीक नाही, एकसारखे हवेत.

धुतल्यावर काय लपतं तेही माहीत असू द्या, म्हणजे नको तिथे जीव आटवला जात नाही. सुती भरण पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं आणि क्विल्टभर बारीक सुरकुत्या येतात. टाक्यांची लहानमोठी लांबी, किंचित वाकडी रेघ त्यात विरून जाते. कडेच्या लाटा मात्र जात नाहीत, आणि पाव इंचाहून बरंच कमी मार्जिन पकडलेली शिवण धुण्यात उघडू शकते. म्हणून थर बसवण्याआधी वरचा थर उलटा करून एकदा सगळ्या शिवणी तपासायच्याच. गडद लाल-निळ्या कापडाचा रंग फिकट कापडाला लागला तर ते वाळवू नका, इस्त्री तर नाहीच. भरपूर पाण्यात डिटर्जंट घालून बुडवून ठेवा आणि पाणी रंगलं की बदला. उष्णतेने तो डाग पक्का होतो.

मनाच्या बाजूने सांगण्यासारखं थोडंच आहे, पण ते नेमकं आहे. कापणी आणि शिवण एकाच बैठकीत करू नका. कापणीच्या शेवटी डोळे थकलेले असतात आणि त्याच डोळ्यांनी पाव इंच धरायचा असतो. संपूर्ण कापड कापण्याआधी एक ब्लॉक पूर्ण शिवून मोजा, तो बरोबर आला तरच पुढचे ३५ कापा. हे तुम्ही केलं असतं तर हा प्रश्न कदाचित आलाच नसता. उसवून झाल्यावर लगेच शिवायला बसू नका, तुकडे टाचून ठेवा आणि उठा. दुसऱ्या दिवशी आयती सुरुवात मिळते. एका वहीत दोनच रकाने करा: चूक कुठे दिसली, आणि कुठे झाली होती. सात-आठ नोंदींतच तुमची सवयीची चूक कळते, आणि ती बहुधा एकच असते.

चुकांचं कौतुक करणारं एक सांगणंही तुमच्यापर्यंत येईल: अमेरिकेतल्या अमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या बायका म्हणे नम्रता म्हणून क्विल्टमध्ये मुद्दाम एक चूक सोडत. क्विल्टचे इतिहासकार याला दंतकथा मानतात. मुद्दाम चूक घालायची गरज कुणाला पडली असेल, हाही प्रश्नच आहे. आणि अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीच्या बायकांचे वाकड्या पट्ट्यांचे क्विल्ट २००२मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात मांडले गेले, २००६मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आले, ते दाखवून 'बघा, वाकडंही चालतं' असं कुणी म्हणेल. ते वाकडेपण चुकून आलेलं नाही. कुठली पट्टी किती तिरपी जाईल हे त्या बायकांनी बघून ठरवलेलं आहे. तुमच्या ताऱ्याला टोक हवं असेल तर हवं म्हणा. त्यात गैर काही नाही.

आता समोरचे ३६ ब्लॉक. सगळे छाटून सव्वासहा करू नका. त्यात साडेसहा इंचांच्या ताऱ्यांची टोकं हमखास जातील. त्याऐवजी प्रत्येक ब्लॉकला एकाच रंगाची चौकट लावा. दीड इंच रुंदीच्या पट्ट्या कापा, ४४ इंची पन्ह्याच्या सव्वा मीटर कापडात सगळ्या बसतात. आधी समोरासमोरच्या दोन बाजूंना, इस्त्री करून मग उरलेल्या दोन बाजूंना. ब्लॉकच्या मापाप्रमाणे आता ते सव्वाआठ ते साडेआठ इंच भरतील. रूलरवरची ४ इंचांची खूण ताऱ्याच्या मध्यावर ठेवून सगळे ८ इंचांवर छाटा. लहान ब्लॉकची चौकट मोठ्यापेक्षा फक्त एक सूत जाड दिसेल. ६ फुटांवरून ते कळत नाही. ओळी जोडताना आता तारे एकमेकांना भिडत नाहीत, म्हणून टोकं जुळवायचा प्रश्नच उरत नाही, फक्त चौकटीचे कोपरे जुळवायचे. क्विल्ट ३६ऐवजी ४५ इंचांचा होईल, अस्तर आणि भरण त्या हिशेबाने घ्या. ज्या ओळीचे धागे सुटलेत तिथले खराब झालेले तुकडे आधी बदला. सुटे धागे मार्जिनच्या अर्ध्याच्या आत असतील तर त्या कडेला मागून बारीक चिकट अस्तराची पट्टी इस्त्रीने लावली तरी भागेल. आणि पहिली पट्टी जोडण्याआधी त्या तीन पट्ट्यांची चाचणी एकदा करा.